राजकीय मत उघड मांडलं म्हणून हॉस्पिटलची नोकरी गेली, आता पुढे काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंदूरची. माहेर रामबाग, सासर सुदामा नगर. जीएनएम झालेली नर्स आहे, अकरा वर्षं एका खाजगी हॉस्पिटलच्या डायलिसिस युनिटमध्ये होते आणि मे २०२४ मध्ये मला तिथून काढलं. तेव्हापासून फोनवर, लग्नात, भाजी घेताना, कुठेही कोणी नर्स, टेक्निशियन किंवा त्यांचे घरचे भेटले की तेच तेच प्रश्न येतात, कारण हल्ली हे बऱ्याच जणांच्या बाबतीत होतंय आणि कोणी मोकळं बोलत नाही. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. हॉस्पिटलचं नाव मी लिहिणार नाही, विचारू नका.

तुम्ही असं काय बोललात की नोकरीच गेली?

२०२४ ची लोकसभा आठवते ना. २९ एप्रिल, अर्ज मागे घ्यायचा शेवटचा दिवस, आणि इंदूरच्या काँग्रेस उमेदवाराने नाव मागे घेतलं आणि त्याच दिवशी तो भाजपमध्ये गेला. बाकी उमेदवार यादीत होते, पण ज्यांची खरी लढत व्हायची त्यातला एक उरलाच नाही. मी कुठल्याच पक्षाची मेंबर नव्हते, आजही नाही. पण मला ते फार लागलं, की पंचवीस लाखांवर मतदार असलेल्या शहराला कोणी असं गृहीत धरावं. मी मराठीत आणि हिंदीत तीन छोटे व्हिडिओ केले आणि त्यात एवढंच सांगितलं की घरी बसू नका, १३ मेला जा आणि नोटाचं, म्हणजे "वरीलपैकी कोणीही नाही" हे बटण दाबा. त्यातला एक साडेचार हजार लोकांनी पाहिला, माझ्यासाठी तो आकडा खूप मोठा होता.

चूक तुमची काहीच नव्हती का?

होती, एक. तीनपैकी एक व्हिडिओ मी ड्युटी संपल्यावर हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये केला, युनिफॉर्म अंगावर, आयकार्ड गळ्यात. नाव वाचता येत नव्हतं पण पट्टीचा रंग सगळ्या शहराला माहीत आहे. बोललेल्या एका शब्दाचाही मला पश्चात्ताप नाही, युनिफॉर्मचा आहे, कारण त्या कपड्यात मी एकटी नसते, माझ्याबरोबर पूर्ण युनिट असतं आणि त्यातल्या अर्ध्या सिस्टर माझ्याशी सहमत नव्हत्या. हे मी लेबर ऑफिसातही कबूल केलं. कबूल केल्याने माझी बाजू कमजोर झाली नाही, उलट साहेबांनी त्यानंतर बाकीचं नीट ऐकून घेतलं.

नोटाने मिळालं काय शेवटी? मत वायाच गेलं ना?

माझे सासरे पण हेच म्हणतात. इंदूरमध्ये नोटाला २,१८,६७४ मतं पडली, त्याआधीचा देशातला सगळ्यात मोठा आकडा २०१९ मध्ये बिहारच्या गोपालगंजचा होता, ५१,६६०. जिंकणारा उमेदवार पावणेबारा लाखांच्या फरकाने जिंकला, तेही खरंच आहे. नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी उमेदवारांमध्ये जो पुढे तोच निवडून येतो, हा नियम मला आधीपासून माहीत होता. सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०१३ मध्ये हे बटण द्यायला लावलं तेच यासाठी, की कोणीच पसंत नाही हे सुद्धा मतदाराला गुप्तपणे सांगता यावं. मला ते सांगायचं होतं, मी सांगितलं.

काढलं कसं? एकदम गेटवर अडवलं?

नाही, आणि हे मी सविस्तर सांगते कारण सगळ्यात जास्त नुकसान लोक इथेच करून घेतात.

मतदान सोमवारी झालं. गुरुवारी १६ तारखेला माझी सकाळची शिफ्ट संपत होती, शेवटचा पेशंट मशीनवरून काढला होता आणि मी सुईच्या जागी गॉझ दाबून उभी होते. दहा मिनिटं तरी दाबावं लागतं, घाई केली की रक्त परत येतं. तेवढ्यात वॉर्डबॉय आला, "सिस्टर, एचआर में बुलाया है." मी म्हटलं दाबून होऊ दे. ती दहा मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही, कारण मला कळलं होतं.

खोलीत तीन जण होते. टेबलावर माझा राजीनामा टाइप करून तयार. कारण: घरगुती अडचण. खाली सहीची जागा. आधी म्हणाले व्हिडिओ काढा आणि माफीनामा लिहा, मी म्हटलं पार्किंगचा काढते, बाकीचे दोन नाही. मग तो कागद पुढे सरकवला, "मैडम साइन कर दो, आपका रिकॉर्ड साफ रहेगा, नहीं तो फिर हमें कुछ लिखना पड़ेगा." मी म्हटलं घरी नेऊन वाचते. "आज ही करना पड़ेगा."

मी सही केली नाही. हे काही शौर्य नव्हतं, माझे हात इतके थरथरत होते की पेन धरता आलं नसतं. मी फक्त उठले आणि बाहेर आले. बसस्टॉपवर बसून एचआरच्या ईमेलवर चार ओळी पाठवल्या, की आज अमुक वाजता मला बोलावून राजीनाम्यावर सही मागितली, कारण माझे व्हिडिओ सांगितलं, मी राजीनामा देत नाही, उद्या ड्युटीवर येईन. त्या चार ओळी पुढे सात महिने माझ्या कामी आल्या. दोन दिवसांनी टर्मिनेशन लेटर मिळालं, त्यात व्हिडिओचा एक शब्द नाही, फक्त "सेवांची आवश्यकता नाही" आणि एक महिन्याचा पगार.

राजीनामा दिला असता तर रिकॉर्ड खरंच साफ राहिला असता ना?

कागदावर राहिला असता. पण स्वतःहून राजीनामा दिला की काढून टाकलं हे तुम्हाला सिद्ध करत बसावं लागतं आणि ते फार अवघड जातं. ईएसआयचा, म्हणजे पगारातून कापल्या जाणाऱ्या कर्मचारी विम्याचा, बेरोजगारी भत्ता पण हातचा जातो. काही जणांच्या परिस्थितीत राजीनामा देणं ठीक असू शकतं, दुसरी नोकरी हातात असेल तर, त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण तो घरी विचार करून, चार माणसांना विचारून द्यावा, त्या खोलीत उभ्या उभ्या नाही.

पण बोलण्याचं स्वातंत्र्य संविधानात आहे ना, मग काढूच कसं शकतात?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात आणि उत्तर ऐकून सगळेच निराश होतात. कलम १९ मधलं बोलण्याचं स्वातंत्र्य हे मुख्यतः सरकारच्या विरुद्ध आहे, म्हणजे सरकारने तुमचं तोंड बंद करू नये. खाजगी हॉस्पिटल हे सरकार नाही. राजकीय मतामुळे खाजगी नोकरीत भेदभाव करू नये असा सरळ सरळ कायदा आपल्याकडे नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९५८ चा एक करार आहे, क्रमांक १११, त्यात राजकीय मत हे कारण स्पष्ट लिहिलेलं आहे आणि भारताने तो १९६० मध्येच मान्य केलाय, पण तो हातात घेऊन तुम्ही हॉस्पिटलला कोर्टात खेचू शकत नाही.

लोक २०१२ ची पालघरची गोष्ट काढतात. तिथे फेसबुकवरच्या एका साध्या पोस्टवरून दोन मुलींना अटक झाली होती आणि त्यातल्या एकीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड झाली होती, पेशंट असलेला दवाखाना. त्या प्रकारानंतरच्याच केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ ला आयटी कायद्याचं ६६ अ कलम रद्द केलं. पण त्याचा अर्थ इतकाच की त्या कलमाखाली पोलीस आता उचलू शकत नाहीत. मालक काय करतो ते त्यात येत नाही.

मग लढायचं कशाच्या जोरावर?

कामगार कायद्याच्या. माझ्या वकील ताई इंदूरच्या छावणी भागात बसतात, त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की राजकारण बाजूला ठेव, दोनच प्रश्न विचारायचे. तू गैरवर्तन केलं म्हणतात तर चार्जशीट कुठे आहे, चौकशी कुठे झाली. आणि गैरवर्तन नव्हतं तर मग ही छाटणी झाली, मग छाटणीचे पैसे कुठे आहेत. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला काढताना महिन्याची नोटीस किंवा पगार आणि वर भरलेल्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्यावा लागायचा. मला फक्त नोटीसचा पगार दिला होता. हॉस्पिटलला हा कायदा लागायचा का, तर लागायचा, सुप्रीम कोर्टाच्या १९७८ च्या बंगलोर वॉटर सप्लायच्या निकालापासून हॉस्पिटल "उद्योग" धरलं जायचं.

नर्स, टेक्निशियन, वॉर्डबॉय, लॅबवाले साधारणपणे कामगार मध्ये येतात. डॉक्टरांबद्दल कोर्टात कायम वाद होतो आणि नर्सिंग सुपरिटेंडेंट सारख्या पदावर असाल तर तुम्ही मॅनेजमेंटचे असं ते म्हणणार. पदाचं नाव काहीही असो, तुम्ही रोज प्रत्यक्ष काय करता ते महत्त्वाचं, म्हणून ड्युटी रोस्टरचे फोटो ठेवा.

एक सांभाळा, माझं प्रकरण जुन्या कायद्याखाली चाललं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन लेबर कोड लागू झालेत, त्यात काढल्यावर दोन कामाच्या दिवसांत राहिलेला पगार द्यायचा असं आहे, आणि तक्रारीची मुदत तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली. त्यामुळे "बघू नंतर" म्हणत बसू नका.

इंदूरमध्ये जायचं कुठे?

आपल्याला एक सोय आहे जी भोपाळवाल्यांना पण नाही, मध्यप्रदेशच्या श्रमायुक्तांचं मुख्यालयच इंदूरमध्ये आहे. साध्या कागदावर अर्ज दिला तरी घेतात, दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का मारून परत घ्या. शिक्क्याशिवाय घरी येऊ नका. मग दोन्ही बाजूंना बोलावून तडजोडीचा प्रयत्न होतो, आणि माझ्या वेळच्या जुन्या कायद्यात अर्ज दिल्यापासून ४५ दिवसांत काही झालं नाही तर पुढे कोर्टाचा रस्ता मोकळा व्हायचा.

माझ्याबरोबर प्रत्येक तारखेला सासरे आले. वय त्र्याहत्तर, १९७७ पासून एकाच पक्षाला मत देणारा माणूस, माझे व्हिडिओ त्यांना अजिबात पटलेले नव्हते, घरात दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते. पण पहिल्या तारखेला मी फाइल घेऊन निघाले तर हे चप्पल घालून दारात उभे, म्हणाले, "तुझं मत चूक आहे ते आपण घरी भांडू, पण अकरा वर्षं काम करणाऱ्या पोरीला असं काढतात का कोणी." पूर्ण सात महिने फाइल त्यांच्या मांडीवर.

शेवटी मिळालं काय?

नोकरी परत नाही मिळाली, आणि खरं सांगते, मधेच कधीतरी मला ती नकोशी झाली होती. तडजोड झाली, छाटणीचे पैसे, राहिलेल्या रजांचे पैसे, ग्रॅच्युइटी आणि नीट शब्दांतलं अनुभव प्रमाणपत्र. त्या प्रमाणपत्राच्या एका ओळीवर दोन तारखा गेल्या, त्यांना "सेवा समाप्त केल्या" लिहायचं होतं आणि आम्हाला फक्त अमुक ते अमुक तारखेपर्यंत डायलिसिस विभागात कार्यरत, एवढंच. आमचं झालं. पैशांपेक्षा मला ती ओळ जास्त कामाला आली.

ग्रॅच्युइटी तर अडवतात म्हणे?

अडवायचा प्रयत्न करतात. पाच वर्षं झाली असतील तर ती तुमची आहे, माझ्या वेळच्या जुन्या कायद्यात हिशोब असा होता, शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. माझा १४,००० होता, अकरा वर्षं, म्हणजे ८८,८४६ रुपये. मारामारी, हिंसा, नोकरीत केलेला नैतिक अधःपतनाचा गुन्हा किंवा मालकाचं मुद्दाम किंवा निष्काळजीपणाने केलेलं नुकसान, असं काही असेल तरच ती कापता येते. व्हिडिओ टाकला हे त्यात कुठेच बसत नाही. लेखी अर्ज करा, तीस दिवसांत द्यायची असते.

ईएसआय आणि पीएफचं काय?

पगार २१,००० पर्यंत असेल आणि ईएसआय कापला जात असेल तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना नावाची गोष्ट आहे, जिच्याबद्दल माझ्या युनिटमध्ये एकालाही माहीत नव्हतं. नोकरी गेल्यावर जास्तीत जास्त ९० दिवस सरासरी कमाईच्या निम्मे पैसे मिळतात, आयुष्यात एकदाच. गैरवर्तनाची शिक्षा म्हणून काढलं असेल तर मिळत नाहीत, आणि माझ्या लेटरमध्ये त्यांनी स्वतःला वाचवायला व्हिडिओचा उल्लेख टाळला होता, त्यामुळे माझा अर्ज अडला नाही. मला नंदानगरच्या ऑफिसात तीन चकरा पडल्या, पण मिळाले. योजनेची मुदत वाढत वाढत आलेली आहे, अर्जाआधी तिथे विचारून घ्या.

पीएफमध्ये नोकरी सोडल्याची तारीख हॉस्पिटलने टाकली नाही तर दोन महिन्यांनी तुम्ही स्वतः पोर्टलवर टाकू शकता. त्यासाठी कोणाच्या पाया पडायची गरज नाही.

माझे ओरिजिनल सर्टिफिकेट त्यांच्याकडेच आहेत, नर्सिंगचं रजिस्ट्रेशन पण रद्द करतील का?

रजिस्ट्रेशन तुमचं आणि भोपाळच्या नर्सेस काउन्सिलचं आहे, हॉस्पिटलचा त्याच्याशी काही संबंध नाही, राजकीय पोस्टवरून ते एचआर रद्द करू शकत नाही. ही धमकी मला पण दिली होती आणि एक रात्र मी खरंच झोपले नाही. ओरिजिनल मात्र परत मिळवायला लेखी मागा, ईमेलने, तारीख टाकून. माझी मार्कशीट दुसऱ्या ईमेलनंतर तीन दिवसांत आली. पुन्हा कुठेही ओरिजिनल जमा करू नका.

मी सरकारी दवाखान्यात आहे, मला हे सगळं लागू आहे का?

नाही, तुमचं गणित वेगळं आहे. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना १९६५ चे मध्यप्रदेश सिव्हिल सेवा आचरण नियम लागतात, त्यात राजकीय पक्षाचं सदस्य होणं, प्रचार करणं यावर बंदीच आहे. त्याच्या बदल्यात तुम्हाला संविधानाच्या कलम ३११ चं संरक्षण आहे, साधारणपणे चौकशीशिवाय काढता येत नाही. संविदावर, म्हणजे कंत्राटी, असाल तर बंधनं बऱ्यापैकी तीच आणि संरक्षण फार कमी, त्यामुळे संविदावाल्या बहिणींनी बोलण्याआधी आपलं काँट्रॅक्ट एकदा पूर्ण वाचा, मी हे भीती घालायला नाही, काळजीने सांगतेय.

लोक काय म्हणाले? आपल्या मराठी लोकांमध्ये?

जे व्हायचं ते झालं. गणेशोत्सवाच्या मंडळाच्या ग्रुपमधून मला काढलं, नंतर एका काकूंनी परत घातलं, कोणी काही बोललं नाही. हळदीकुंकवाला एकीने विचारलं, "काय गं, काय करून राहिली तू हे, पोरांचं तरी बघायचं." त्या दिवशी मी घरी येऊन रडले. पण त्याच बाईच्या आईची ड्रेसिंग मी आता आठवड्यातून दोनदा करते, आणि तिने माझ्यासाठी पोहे केल्याशिवाय मला सोडलेलं नाही, वर जिरावण, शेव, सगळं.

परत काम कसं सुरू झालं?

पहिले अडीच महिने काही नाही. चार हॉस्पिटलमध्ये इंटरव्ह्यू झाले, दोघांनी "कळवतो" म्हटलं आणि फोन जुन्या ठिकाणी गेला की विषय संपला. हे शहर मोठं दिसतं पण मेडिकल लाइनमध्ये सगळे सगळ्यांना ओळखतात.

मग एका पेशंटचा फोन आला. अन्नपूर्णाकडे राहणारे काका, सहा वर्षं आठवड्यातून दोनदा चार चार तास माझ्या मशीनवर असायचे. मी ज्या पक्षावर चिडलेली असते तो त्यांचा जीव की प्राण, आम्ही खुर्चीवर सुई लागलेली असताना कडाकडा भांडायचो आणि बाजूचे पेशंट ऐकायचे. काकांचा फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुईसाठी ऑपरेशन करून तयार केलेली हातातली शीर, अवघड आहे, शीर खोल आहे आणि वळते, बोट ठेवलं की मांजर घुरघुरल्यासारखं लागतं ना, ते नेमकं कुठे सगळ्यात स्पष्ट आहे तिथून अर्धा इंच खाली घ्यावं लागतं. मी गेल्यावर नवीन पोराने टोचलं तर सुई शिरेच्या पार गेली, कोपरापासून मनगटापर्यंत हात काळानिळा. त्या पोराचा दोष नाही, अशी शीर कळायला महिने लागतात. काका फोनवर म्हणाले, "सिस्टर, तुमचं डोकं चुकीच्या बाजूला आहे पण हात बरोबर आहेत." आणि मग म्हणाले शेजारच्या आजींना पाठीवर जखम झालीय, मुलगा पुण्यात, मुलगी कॅनडात, बघाल का.

ती माझी पहिली केस. एका दिवसाच्या ड्रेसिंगचे तीनशे रुपये. बेडसोअर एवढा खोल होता की आत माझं बोट जाईल. रोज सलाइनने धुवायचं, मग ड्रेसिंग, आणि कामवाल्या मुलीला शिकवलं की दर दोन तासांनी कूस बदलायची आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर वेळ लिहायची. ती मुलगी आठवी पास आहे, एकही वेळ चुकवली नाही तिने. तीन महिन्यांत जखम भरत आली. त्या एका आजींवरून लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, वैशाली नगर, फोन सुरू झाले. आपल्या मराठी घरांत किती म्हातारी माणसं एकटी आहेत हे मला हॉस्पिटलच्या आत बसून कधी दिसलंच नव्हतं.

घरी जाऊन काय काय करता? परवानगी लागते का?

ड्रेसिंग, कॅथेटर, रायल्स ट्यूब म्हणजे नाकातून पोटात जाणारी नळी, इंसुलिन शिकवणं. इंजेक्शन, सलाइन डॉक्टरच्या ताज्या चिठ्ठीशिवाय नाही, कोणी कितीही ओळखीचं असू दे, ते मी पहिल्याच फोनवर सांगते. वापरलेल्या सुया घराच्या कचऱ्यात टाकायच्या नसतात, मी जाड पांढऱ्या डब्यात जमा करते आणि एका ओळखीच्या नर्सिंग होमच्या बायोमेडिकल कचऱ्यात देते, त्यांच्याशी आधी बोलून ठरवलंय.

सगळ्यात आवडतं काम म्हणजे पोटाचं डायलिसिस, सीएपीडी, शिकवणं. घरीच करायचं असतं, दिवसातून तीन चार वेळा पोटातलं आधीचं पाणी काढायचं आणि मग दोन लिटरची नवी पिशवी पोटात सोडायची. पंखा बंद, खिडकी बंद, मास्क, हात साबणाने दोन मिनिटं. आणि निघालेलं पाणी पिशवी उजेडात धरून बघायचं, पिशवीखालचा पेपर वाचता आला तर ठीक, दुधाळ, गढूळ दिसलं तर लगेच डॉक्टर, कारण ते इन्फेक्शन असतं. एका घरात नातवाला शिकवलं, बारावीचा पोरगा, आजोबांची पिशवी रोज तोच वर्तमानपत्रावर ठेवून बघतो.

आणि आता आठवड्यातले तीन दिवस मी देवासला एका छोट्या डायलिसिस सेंटरवर जाते. इंटरव्ह्यूत त्यांनी विचारलं आधीची नोकरी का सोडली.

हेच विचारायचं होतं, इंटरव्ह्यूत खरं सांगायचं का?

मी सांगितलं. तीन वाक्यांत, आधी घरी आरशासमोर म्हणून बघितलेली: निवडणुकीत मी स्वतःच्या नावाने मत मांडलं, मॅनेजमेंटला ते चाललं नाही, लेबर ऑफिसात तडजोड होऊन विषय मिटला आणि पेशंटच्या कामाबद्दल माझ्यावर एकही तक्रार नाही. मग गप्प बसले. जुन्या हॉस्पिटलला शिव्या देऊ नका आणि राजकारण समजावत बसू नका, समोरच्याला तुमचं मत नकोय, त्याला जाणून घ्यायचंय की उद्या तुम्ही त्याच्या सेंटरमध्ये भांडण आणाल का. त्या डॉक्टरांनी मग मला सरळ युनिटमध्ये नेलं आणि म्हणाले, ही केस अवघड आहे, लावून दाखवा.

अजूनही राजकारणावर लिहिता का?

लिहिते. युनिफॉर्ममध्ये नाही, ड्युटीच्या वेळेत नाही, प्रोफाइलवर कामाच्या जागेचं नाव नाही, आणि पेशंटचा एक शब्दही नाही, चांगला सुद्धा नाही. डॉक्टर मंडळींनी हे पण लक्षात ठेवावं की मेडिकल कमिशनने ऑगस्ट २०२३ मध्ये सोशल मीडियाचे नियम काढले होते आणि त्याच महिन्यात स्थगित पण केले.

माझे विचार तुमच्या अगदी उलट आहेत, तरी मदत कराल का?

हो. मागच्या पावसाळ्यात एक लॅब टेक्निशियन आला होता, बिचकत बिचकत, त्याने माझ्याच बाजूच्या लोकांविरुद्ध काहीतरी लिहिलं होतं आणि त्याला तसंच खोलीत बोलावून सही घेतली होती. त्याची पोस्ट मला आवडली नाही, मी त्याला तोंडावर सांगितलं. मग आम्ही दोघांनी बसून त्याचा अर्ज लिहिला, सासऱ्यांनी त्याच्या मराठीमिश्रित हिंदीतल्या चुका काढल्या, आणि दुसऱ्या दिवशी तो दोन प्रती घेऊन गेला आणि दुपारी मला शिक्क्याचा फोटो पाठवला.

फोन केला तर चालेल का?

चालेल, संध्याकाळी सातनंतर. सोमवार, बुधवार, शुक्रवार मी देवासहून उशिरा येते, त्या दिवशी आठनंतर करा. आणि तुम्हाला उद्या एचआरने बोलावलं असेल तर मात्र वेळ बघू नका, आत्ताच करा.